देणगीदार काकांना 'नाही' कसं सांगायचं? (ट्रस्टमध्ये नवीन आहे, जरा लांबलचक प्रश्न)

काठावरची | 13 मे, रात्री 10.40

नमस्कार मंडळी. आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर प्रश्न कळणार नाही.

मी सहा वर्षं एका पतसंस्थेत काउंटरला होते. ठेवी, पासबुकं, मुदत संपली की नूतनीकरण. जानेवारीपासून कोल्हापुरातल्याच एका सार्वजनिक ट्रस्टमध्ये लागले आहे. ट्रस्टची स्वतःची शाळा, दवाखाना असं काही नाही. गावातले लोक पैसे देतात, ते एका ठिकाणी ठेवायचे आणि त्यातून शिष्यवृत्त्या, आजारपणाची मदत, पुराच्या वेळी शिधा असं चालतं. कुणी मोठी रक्कम दिली तर आईच्या, वडिलांच्या नावाने वेगळा निधी ठेवतात. मूळ रक्कम बँकेत, दरवर्षीचं व्याज कामाला. असे एकोणीस निधी आहेत. माझं पद 'देणगीदार सेवा'. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे पावतीपुस्तक घेऊन गणपतीच्या पोरांसारखं दारोदार?" मागायचं काम विश्वस्त करतात, गं. पैसे आल्यानंतरचं सगळं माझं. पावती, पॅन, आभाराचं पत्र, हिशेब कळवणं. आणि माणसं. पतसंस्थेत माणूस आपले पैसे परत न्यायला यायचा. इथे परत न्यायचं काहीच नसतं, तरी माणूस येतो.

तर काका. निवृत्त मराठीचे शिक्षक, मंगळवार पेठेत राहतात. काकू गगनबावड्याकडच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होत्या, आयुष्यभर पावसात वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या फंडाचे पाच लाख काकांनी ट्रस्टला दिले : गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी भागातल्या मुलींनी नर्सिंग शिकावं म्हणून. 7 टक्क्यांनी वर्षाला 35,000 येतात. जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) दोन मुलींना निम्मे निम्मे. तीन वर्षांचा कोर्स, दोघी आता दुसऱ्या वर्षाला.

काका दर गुरुवारी अकराला येतात. खांद्याला कापडी पिशवी, खिशाला लाल पेन. जानेवारीत काकवीची बाटली आणली होती. आमच्या छापील पावतीवर 'शिष्यवृत्ती'चा पहिला 'शि' दीर्घ होता, तो त्यांनी माझ्यासमोर लाल पेनाने ऱ्हस्व केला. मला ते आवडतात, हे आधीच सांगते.

काकूंचं वर्षश्राद्ध जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे. काकांचं म्हणणं, दोन्ही मुलींना घरी पाठवा. फोटोला हार घालतील, पंगतीला बसतील, चार पाहुण्यांसमोर दोन शब्द बोलतील. एका वार्ताहरालाही त्यांनी सांगून ठेवलंय. एक मुलगी लगेच हो म्हणाली. दुसरीला फोन केला तर ती गप्प. मग म्हणाली, "मॅडम, जायलाच लागतंय का?"

मी "बघून सांगते" म्हणाले आणि ठेवला.

आमच्या अध्यक्षांना विचारलं तर, "पाठव की, एवढे पाच लाख दिलेत माणसानं." माझ्या आधी इथे जे होते ते काकांना म्हणाले होते, "मुली तुमच्याच समजा." काकांनी ते शब्दशः घेतलंय. आता त्यांना मुलींचे फोन नंबर हवेत, मार्कलिस्ट हवी, आणि पुढच्या वेळी भाच्याच्या मुलीचा विचार करा म्हणतात. फाइल उघडून बघितली तर आत पावतीची स्थळप्रत, काकूंचा एक पासपोर्ट फोटो, आणि बाकी काही नाही.

काकांना दुखवायचं नाही आणि त्या पोरीला तिथे बसवायचं नाही. कसं सांगू? आणि जाता जाता, त्यांचा मुलगा न्यू जर्सीला आहे, तोही याच निधीत भर घालतो म्हणतोय. घ्यायचे का?

— — —

मिसळ_कट | 13 मे, रात्री 11.15

पाठवू नका, विषय संपला. पेठेतला माणूस आहे, रुसेल. दोन गुरुवार येणार नाही, तिसऱ्या गुरुवारी काकवी घेऊन हजर.

— — —

जुना_हिशेबनीस | 14 मे, सकाळी 6.20

बाई, मी एका ट्रस्टचे हिशेब आणि देणगीदार दोन्ही बावीस वर्षं सांभाळले, आता घरी असतो. तुमची फाइल डोळ्यांसमोर आली. पावतीची स्थळप्रत आणि फोटो! आमच्याकडे एका फाइलमध्ये नुसतंच वाळलेलं झेंडूचं फूल होतं.

आधी कागद, मग काका. पाच लाख मूळ धन म्हणून ठेवायचे आणि फक्त व्याज वापरायचं, असं काकांनी लिहून दिलंय का? आयकरात याला कॉर्पस म्हणतात आणि त्याला देणगीदाराची लेखी सूचना लागते. नसेल तर ती साधी देणगी, आणि साध्या उत्पन्नातले 85 टक्के त्याच वर्षी कामावर खर्च झाले पाहिजेत, नाहीतर साठवायला वेगळा अर्ज. शिवाय एप्रिल 2021 पासून कॉर्पसची गुंतवणूक वेगळी दाखवायला लागते. तुमच्या सीएना आजच विचारा, काका गुरुवारी येण्याआधी.

मग एक पानाचं पत्र तयार करा. निधीचं नाव काय, कुणासाठी, मुली कोण निवडणार (समिती, काका नाहीत, त्यांनी सुचवावं, ठरवू नये), वर्षातून कितीदा कळवणार, काय कळवणार आणि काय नाही. मुलींचा नंबर, पत्ता, मार्कलिस्ट 'नाही'च्या रकान्यात. उद्या नर्सिंगला त्या भागातून मुलगीच आली नाही तर व्याजाचं काय, हेही लिहा. हा शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. माझ्याकडे एका तालमीच्या वस्तादांच्या नावाचा निधी होता, अट अशी की त्याच तालमीतल्या पैलवानाच्या खुराकाला. पुढे तालमीत पैलवान उरले नाहीत, जिम झाली. व्याज नऊ वर्षं पडून. देणगीदार वारले, मुलं म्हणायची आम्हाला काय विचारता.

भाच्याच्या मुलीचं काकांना स्पष्ट सांगा. नात्यातल्याला मिळावं म्हणून दिलेलं ते दान होत नाही, ती घरची मदत. ती त्यांनी थेट करावी, छान गोष्ट आहे. विश्वस्तांच्या किंवा मोठ्या देणगीदाराच्या फायद्याकडे ट्रस्टचा पैसा वळतोय असं दिसलं की आयकरवाले नियमावर बोट ठेवतात, आणि मग भुर्दंड अख्ख्या ट्रस्टला बसतो. बाकी अठरा निधीवाल्यांनी काय घोडं मारलंय?

न्यू जर्सीच्या मुलाला एकच विचारा : पासपोर्ट कुठला? भारताचा असेल आणि पैसे स्वतःच्या कमाईचे, सरळ बँकेतून येणार असतील, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकेचा असेल तर धरतात, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी. मग तुमच्या ट्रस्टला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी पाहिजे आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. नोंदणी नसेल तर एक डॉलरही घेऊ नका. "बाबांच्या खात्यावर पाठवतो, बाबा देतील" असं तो म्हणेल. सगळे म्हणतात. त्या वाटेला जाऊ नका.

महिना मे आहे म्हणून विचारतो, 10बीडी, म्हणजे देणग्यांचं आयकराला द्यायचं विवरण, भरलंय ना? 31 मे शेवटची. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. त्यातूनच देणगीदाराचं 10बीई प्रमाणपत्र निघतं, आणि पॅनचा एक आकडा चुकला तर माणूस जुलैत दारात. (चुकलं तर सुधारित भरता येतं, घाबरू नका.)

आता पाठवायचं की नाही. 2019 च्या ऑगस्टची गोष्ट सांगतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटाला धोका, त्या वेळी पाणी 55 च्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ हायवे बंद. पाणी उतरल्यावर राज्यातून ट्रक आले. आमच्या गोडाऊनला जुन्या कपड्यांचा ढीग, त्यात फाटक्या साड्या, एका बाजूचे बूट, कुणाचा तरी लग्नातला कोट. चिखलीच्या एका बाईंना मी साडी दिली, तिने उलगडली, आरपार दिसत होतं. तिने घडी घालून परत माझ्या हातात दिली. काही बोलली नाही. त्या दिवसापासून देणाऱ्याला 'नाही' म्हणायला मला अवघड वाटलं नाही. फोन आला की सांगायचो, कपडे नकोत, चादरी आणि खराटे पाठवा. काही रागावले. बहुतेकांनी खराटे पाठवले.

पुराचे थोडे पैसे उरले होते. पुरासाठी घेतलेले, म्हणून दुसरीकडे वळवता येईनात. प्रत्येक देणगीदाराला कार्ड टाकलं : भिजलेल्या शाळांच्या पुस्तकांना वापरू का? एकाने उत्तर लिहिलं, "विचारलंत हेच पुष्कळ." त्यानंतर तो दरवर्षी देत राहिला.

— — —

उद्यमनगरी | 14 मे, दुपारी 1.05

वाचालोय सकाळपासून. मी दुसऱ्या बाजूचा, देणारा. छोटी फौंड्री हाय, चाळीस माणसं. वडिलांच्या नावाने एका ठिकाणी निधी दिलाय.

ताई, काकांचं मला कळतंय. पैसे दिल्यावर पुढं काय झालं ते कुणी सांगतच न्हाई. आमी कास्टिंग पाठवलं की गिऱ्हाईक कळवतं, एवढे पास, एवढे रिजेक्ट, ह्या ठिकाणी ब्लो होल. ट्रस्टवाल्यांचा फोन बरोबर मार्चमध्ये येतो. एप्रिल ते फेब्रुवारी ठणठणाट. मग माणूस आपणच जाऊन बसतो, नंबर मागतो, फोटो मागतो. मला 80जीचं, देणगीवरच्या करसवलतीचं, काय पडलेलं न्हाई, आमच्या सीएने आयकराच्या नवीन पद्धतीत टाकलंय, तिथं ती वजावटच न्हाई.

आमच्या वडिलांचं सांगतो. ते दसरा चौकातल्या एका बोर्डिंगात राहून शिकले. 1901 पासून शाहू महाराजांनी एकेक समाजाला पुढं करून ही बोर्डिंगं उभी केली, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलंय. वडील म्हणायचे, भाकरीचं पीठ कुणाच्या घरचं ते कधी कळलं न्हाई, आणि आमी विचारलं पण न्हाई, भूक लई लागायची. मी निधी दिला तेव्हा हे आठवलं आणि तरी पाटीवर नाव घाला म्हणून सांगितलं. काय करणार. माणूस हाय.

पाठवू नका पोरीला. पण काकांना कायतरी द्या हातात.

— — —

नाईटड्युटी | 15 मे, पहाटे 3.30

मी स्टाफ नर्स आहे, मिरजेला. माझं जीएनएम अशाच एका शिष्यवृत्तीवर झालं. ट्रस्ट कुठला ते सांगत नाही, वाईट लोक नव्हते.

तीन वर्षं तीनदा स्टेजवर गेले. दारापेक्षा मोठा पुठ्ठ्याचा चेक, त्याचं एक टोक माझ्या हातात, एक साहेबांच्या. दुसऱ्या वर्षी सूत्रसंचालक बाईंनी माइकवर सांगितलं की हिचे वडील दारूने गेले. मी फॉर्मवर लिहिलं होतं ते. फॉर्म कुणीतरी वाचणार हे माहीत होतं, माइकवर वाचतील हे नव्हतं. माझ्या वर्गातल्या पंधराजणी समोर बसल्या होत्या.

आणि त्याच पैशातल्या एक देणगीदार आजी होत्या. त्या कधी दिसल्या नाहीत. दिवाळीला ट्रस्टच्या पत्त्यावरून त्यांचं कार्ड यायचं, "अभ्यास कर, जेवत जा, पायात चप्पल घाल." एवढंच. तिन्ही कार्डं माझ्याकडे आहेत. तिसऱ्या वर्षी मी उत्तर लिहिलं. कुणी लिही म्हटलं नव्हतं.

तुमच्या त्या मुलीने "लागतंय का" विचारलं ना, ते उत्तरच आहे हो. मला कुणी विचारलं असतं तर मीही थेट नाही म्हणू शकले नसते, पुढच्या वर्षीचा हप्ता डोळ्यांसमोर असतो. आता तिला परत फोन करा आणि आधी सांगा की तिसऱ्या वर्षाचे पैसे जमा होणारच आहेत, तारीख सांगा. मग म्हणा, यायची गरज नाही. या क्रमाने. उलट्या क्रमाने नको.

जी हो म्हणाली तिलाही असाच फोन करा. तिलाही कदाचित यायचं नसेल.

— — —

काठावरची | 15 मे, दुपारी 2.10

नाईटड्युटी, तुमचं वाचून मी जेवायच्या सुट्टीत बाहेर जाऊन दोन्ही मुलींना फोन केला. तुम्ही सांगितलं त्याच क्रमाने. दुसरी म्हणाली, "बरं झालं." पहिली म्हणाली तिला यायचंय, तिला काकूंबद्दल ऐकायचंय, तिच्या गावच्या उपकेंद्रात काकू कधीतरी होत्या असं तिची आजी म्हणते. ती येईल, पण वार्ताहर नसेल तर.

हिशेबनीस काका, कॉर्पसचं पत्र खरंच नव्हतं. सीएंनी कपाळाला हात लावला. 10बीडी अजून राहिलंय, सतरा जणांचे पॅन यायचेत. त्यातले तिघे म्हणतात "आमचं नाव कुठे येऊ देऊ नका, गुप्तदान आहे." त्यांना समजावतेय की वहीत नाव असणं वेगळं आणि बोर्डावर लावणं वेगळं. बोर्डावर लावणार नाही, वहीत लागतंच. एकजण म्हणाले, "देवळाच्या पेटीत टाकलं असतं तर बरं झालं असतं."

उद्या गुरुवार आहे.

— — —

जुना_हिशेबनीस | 15 मे, दुपारी 4.00

आज गुरुवार आहे, बाई.

— — —

काठावरची | 15 मे, रात्री 9.50

हो, आज गुरुवारच होता. लग्नाच्या एका जेवणावळीमुळे काका अकराला न येता चारला आले. मी तोवर तारीख-वार सगळं विसरून पॅन जुळवत बसले होते.

पत्राचा मसुदा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि पंचवीस मिनिटं वाचत बसले. 'निवडसमिती' एक शब्द करा. 'देणगीदाराने' की 'देणगीदारांनी', एकदाच काय ते ठरवा. मुलींचे नंबर देणार नाही या ओळीवर पेन थांबलं. मी तिथे बोलायचं ठरवून ठेवलेलं सगळं विसरले आणि भलतंच विचारलं : काका, काकू वस्तीवर गेल्या आणि एखाद्या घरी बाई बोलायला तयार नसली तर काय करायच्या?

म्हणाले, "उंबऱ्यावर बसायची. पाणी मागायची. निघून यायची. पुढच्या महिन्यात परत."

मग त्या ओळीखाली त्यांनी काही खूण केली नाही, पुढे वाचत गेले. सही मात्र केली नाही. घरी नेऊन वाचतो म्हणाले. भाच्याच्या मुलीच्या ओळीवर "हे कठोर आहे" असं समासात लिहिलंय. वार्ताहराला नको म्हणून सांगतील. अध्यक्षांना अजून यातलं काही माहीत नाही, ते सोमवारी. मुलाचा पासपोर्ट अमेरिकेचाच निघाला, काका म्हणाले, "मग राहू दे, त्याला म्हणावं इकडे येऊन दोन दिवस राहा."

उद्यमनगरी दादा, तुमचं ऐकून एकोणीसही निधींना दर सहा महिन्यांनी एक पानाचं पत्र सुरू करतेय. नाव नाही, फोटो नाही. कितवं वर्ष, कोणत्या वॉर्डात ड्युटी, काय जमतंय, काय नाही. पहिल्या पत्रासाठी त्या 'बरं झालं'वालीला विचारलं, काय लिहू तुझ्याबद्दल? म्हणाली, "लिहा की सलाइन लावायला आता हात थरथरत नाही."

एक नवीन अडचण. जाताना काका दारात थांबून म्हणाले, जी येणार नाही तिच्या हॉस्टेलला पुरणपोळ्यांचा डबा पाठवला तर चालेल का? चौदा पोळ्या, तुपासकट. नाव घालणार नाही म्हणाले. मी हॉस्टेलला फोन केला, रेक्टर मॅडम म्हणतात बाहेरचं अन्न आत घेत नाही. काय करू?

— — —

मिसळ_कट | 15 मे, रात्री 10.05

सोळा करा. दोन रेक्टरना.